ऊद, त्याची बैठक आणि वादकाच्या अंगावरचा दिशदाशा

समुद्रपार (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या जानेवारीत आमच्या पुण्यातील मंडळात माझे बहरीनचे एक जुने स्नेही ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायला येणार आहेत. पोटापाण्यासाठी ते अभियंते आहेत. मुहर्रकमधील एका 'दार'मध्ये, म्हणजे गाण्यासाठीच राखलेल्या बैठकीच्या घरात, ते दर आठवड्याला साथीदारांबरोबर बसतात. कार्यक्रमाची आखणी माझ्यावर सोपवलेली आहे. परवाच्या सभेत असे ठरले की पाठीमागे दोन तंबोरे असावेत, ठेक्याला ढोलकी असावी आणि स्वागताला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनी 'अरबी पोशाख' करावा. पोशाखाचा नमुना म्हणून भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानातून आलेले छायाचित्र सर्वांना दाखवण्यात आले. मुलांना चमकीची फुगीर विजार आणि पीस खोचलेला फेटा, तर मुलींना झालरी लावलेला, पोट उघडे ठेवणारा दोन तुकड्यांचा वेश. मी २१ वर्षे कुवेतमध्ये नोकरी केली. इतक्या वर्षांत असा वेश मी तिथे कोणाच्या घरी, लग्नात किंवा गाण्याच्या बैठकीत पाहिला नाही. मंडळातील कोणाच्याही मनात अनादर नाही, हे मी जाणतो. पण पाहुणा आपल्या घरी येणार आणि आपण त्याच्यासमोर त्याच्या नावाने भलतेच काही उभे करणार, हे मला सहन होण्यासारखे नाही.

म्हणून आधी मला जे ठाऊक आहे ते मांडतो आणि मग आपणां सर्वांची मदत मागतो.

कुवेत आणि बहरीन येथील ज्या गायनप्रकारात ऊदाला मानाचे स्थान आहे त्याला 'सौत' म्हणतात. सौत या शब्दाचा अर्थच आवाज. गायक बहुधा स्वतःच ऊद वाजवतो, सोबतीला अनेकदा व्हायोलिन असते आणि तीन-चार जणांच्या हातांत 'मिरवास' नावाची वितीएवढी दुतोंडी ढोलकी असते. ती एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. प्रत्येक मिरवास वेगळा बोल वाजवतो आणि त्या सर्वांचा मिळून एक ताल होतो. त्यावर बसलेल्या मंडळींच्या टाळ्या पडतात. त्या दाद म्हणून दिलेल्या नसतात, तालाचाच घटक असतात, आणि त्या चुकल्या तर गायकाच्या कपाळावर आठी उमटते. सहा मात्रांचा तो 'अरबी' सौत आणि चार मात्रांचा तो 'शामी' सौत. मधेच दोघे पुरुष उठतात आणि बैठकीच्या मध्यभागी 'झफान' हे नृत्य करतात. शेवटी 'तौशीहा' गाऊन सौत संपवतात.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. सौतचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते ते कवी आणि संगीतकार अब्दुल्ला अल-फरज हे मूळ कुवेतचे, परंतु त्यांच्या उमेदीची वर्षे एकोणिसाव्या शतकातील मुंबईत गेली. वडील व्यापारी होते, घरात पैसा होता आणि संगीताची गोडी त्यांना मुंबईतच लागली. संपत्ती सरल्यावर ते कुवेतला परतले. त्यांच्या गळ्यात आणि बोटांत मुंबईने नेमके काय सोडले याचे मोजमाप मी करणार नाही, पण कुवेतमधील वृद्ध मंडळी 'बुंबाय' हा शब्द ज्या आपुलकीने उच्चारतात ती मी कानांनी ऐकलेली आहे.

ऊद हा शब्दही आपल्या घरातला आहे. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. सुगंधी लाकडालाही ऊद म्हणतात आणि लाकडी वाद्यालाही. देवापुढे आपण लावतो त्या उदबत्तीतला 'ऊद' तोच.

माझे प्रश्न दोन आहेत. तंबोरा आणि ढोलकी ठेवावी का? आणि पोशाखाचे काय करावे?

तारसप्तक

फार चांगला विषय. मी सतार शिकतो आणि गेली काही वर्षे मकाम, म्हणजे अरबी संगीतातील रागासारखी स्वररचना, या पद्धतीचा अभ्यास करतो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो: तंबोरा ठेवू नये.

कारण असे की आपला राग एका षड्जाभोवती उभा राहतो आणि तो षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. मकामाचे तसे नाही. मकाम हा तीन, चार किंवा पाच स्वरांच्या तुकड्यांचा बनतो. अशा तुकड्याला 'जिन्स' म्हणतात आणि आपले पूर्वांग-उत्तरांग डोळ्यांसमोर आणले की त्याची थोडी कल्पना येते. 'तक्सीम' करताना, म्हणजे आपण ज्याला ढोबळमानाने आलाप म्हणू ते करताना, वादक रास्त या मकामात सुरुवात करतो, पंचमावर जाऊन तिथे हिजाझ हा जिन्स उभा करतो, काही काळ तो पंचमच घराचा स्वर होऊन बसतो आणि मग श्रोत्यांना चाहूल न देता मूळ स्वरावर परततो. या परतण्यालाच 'कफला' म्हणतात आणि तिथेच श्रोत्यांच्या तोंडून 'अल्लाह' निघते. मागे तंबोरा अखंड षड्ज-पंचम घुमवत राहिला, तर घर बदलल्याचा तो आभासच पुसला जाईल.

दुसरी अडचण स्वरांची. रास्तचा तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधोमध कुठेतरी असतो. बयाती या मकामाचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या मध्ये. 'कुठेतरी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण कैरो, दमास्कस आणि बगदाद येथील वादक हा स्वर एकाच जागी लावत नाहीत. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिला बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकारही उपस्थित होते, आणि तिथे सप्तकाचे २४ समान भाग करावेत की नाही यावर बराच खल झाला. ऊदाच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे वादकाचे बोट त्या वादात अडकून पडत नाही. तंबोऱ्याच्या जवारीतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो मात्र रास्तच्या गांधाराशी टक्कर घेत राहील.

हिजाझ तेवढा आपल्या श्रोत्यांना पटकन ओळखू येईल. सा, कोमल रे, शुद्ध ग, म हे भैरवाचे पूर्वांग आहे. निवेदनात हे एक उदाहरण जरूर द्यावे, मात्र 'हिजाझ म्हणजे भैरव' असे म्हणू नये. सूर सारखे असले तरी चलन निराळे आहे.

मिरजकर कारागीर

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून तंबोरे आणि सतारी तयार होतात. चार वर्षांपूर्वी आखातात नोकरी करणारे कोकणातील एक गृहस्थ सुट्टीवर येताना ऊद घेऊन आले. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याची घोडी उखडली होती. असे वाद्य मी पहिल्यांदाच हाताळत होतो, म्हणून दोन दिवस हात न लावता नुसते पाहत बसलो. जे पाहिले ते लिहितो.

आमचा तंबोरा भोपळ्यापासून सुरू होतो. पोटाचा आकार निसर्गच देतो. आम्ही तो निवडायचा, वाळवायचा, कापायचा. ऊदाचे पोट मात्र माणसाने घडवलेले असते. साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि होडीच्या फळ्यांसारख्या शेजारी शेजारी सरसाने जोडायच्या. मी मोजल्या तेव्हा त्या २१ भरल्या, एक फिकट आणि एक गडद अशा क्रमाने. वरची तबली इतकी पातळ की मागून दिवा धरला तर लाकडाच्या रेषा दिसतात. तबलीत नक्षीदार जाळीची गोल भोके असतात. तिथून आत पाहिले तेव्हा प्रत्येक सांध्यावर आतल्या बाजूने कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. एवढे मोठे वाद्य तराजूवर ठेवले तर एक किलोसुद्धा भरले नाही.

सतारीची घोडी तबलीवर चिकटवलेली नसते. ती तारांच्या दाबाने उभी राहते आणि तारांची ओढ खालच्या लंगोटीवर जाते. ऊदात तारा घोडीलाच बांधतात आणि घोडी तबलीला चिकटवलेली असते, म्हणजे सगळी ओढ त्या पातळ लाकडावर. म्हणूनच हवा बदलली की पहिला घाव तिथेच बसतो. पाहुण्यांचे वाद्य बहरीनच्या हवेतून पुण्याच्या जानेवारीतील कोरड्या थंडीत येणार आहे. आल्या आल्या पेटी उघडू नये. बंद पेटीत एक रात्र खोलीत राहू द्यावे, आणि रंगमंचावर वादकाजवळ प्रखर दिवा लावू नये. ही माझी कळकळीची विनंती समजा.

खुंट्यांकडचा भाग दांडीशी जवळजवळ काटकोन करून मागे वळलेला असतो. त्या दिवशी तो पाहूनच समजले की याची जातकुळी आपल्या सतारीहून वेगळी आहे. घोडीला जवारी नाही, तरफा नाहीत. आवाज छेडला की फुलतो आणि लगेच ओसरतो. सतारीसारखा रेंगाळत नाही. म्हणून वादक एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडत राहतो.

समुद्रपार

कारागीर दादा, आपला प्रतिसाद मी जसाच्या तसा मंडळाच्या कार्यवाहांना पाठवला आहे.

तारांविषयी थोडी भर घालतो. माझ्या स्नेह्यांच्या ऊदाला ११ तारा आहेत: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. शेजारच्या दोन जोड्यांत बहुतेक ठिकाणी सा-म इतके अंतर असते. छेडायला 'रीशा' वापरतात. रीशा म्हणजे पीस. पूर्वी गरुडाच्या पिसाची देठ वापरत, आता बहुधा प्लास्टिकची लांब पट्टी असते. नवव्या शतकात बगदादहून कॉर्दोबाला गेलेल्या झिर्याबने ऊदाला पाचवी तार जोडली आणि लाकडी तुकड्याऐवजी गरुडाचे पीस आणले, अशी परंपरा सांगते. त्याच शतकात बगदादमध्ये अल-किंदीने ऊदाच्या तारांचा संबंध शरीरातील चार दोषांशी जोडून लिहिले. वात-पित्त-कफाच्या भाषेत वाढलेल्या आपल्या माणसांना ते परके वाटू नये.

आता पोशाख आणि वादन यांचा जो संबंध मी डोळ्यांनी पाहिला तो सांगतो. ऊदाची पाठ गोल आणि गुळगुळीत असते. आखातातील दिशदाशा, म्हणजे पुरुषांचा पायघोळ झगा, हल्ली बहुतेक सुळसुळीत पॉलिस्टर कापडाचा शिवतात, आणि त्यातले नावाजलेले कापड जपानहून येते. अशा कापडावर मांडी घालून बसले की वाद्य घसरते. माझे स्नेही वाजवायला बसताना प्रथम डोक्यावरची सुती 'गुत्रा' काढतात, तिची चार पदरी घडी घालतात आणि उजव्या मांडीवर पसरतात. मग तिच्यावर ऊद ठेवतात, उजव्या बाहीची गुंडी सोडून बाही दोनदा वर दुमडतात आणि मगच रीशा हातात घेतात. डोक्यावर राहते ती फक्त पांढरी विणलेली 'गाहफिया' टोपी. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा वाटले, माणूस बैठकीत मोकळा होतो आहे. नंतर कळले की ती वाजवण्याची तयारी होती.

नवशिक्या रसिक

सर्वांचे आभार. एक शंका आहे. बहरीनच्या एका चित्रफितीच्या शीर्षकात 'तंबूरा' असे लिहिलेले मी पाहिले. मग अरबांकडेही तंबोरा आहे ना? शिवाय इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम यांच्या जुन्या चित्रफितींत सगळे वादक कोट-टाय घालून बसलेले असतात. पारंपरिक संगीत आणि पोशाख मात्र पाश्चात्त्य, हे कसे?

समुद्रपार

दोन्ही शंका महत्त्वाच्या आहेत.

आखातातला तंबूरा हे निराळे वाद्य आहे. चामड्याने मढवलेल्या वाडग्यासारख्या पोटातून दोन दांड्या वर जातात, त्यांना जोडणारे आडवे लाकूड असते आणि त्या लाकडावर सहा तारा चिंध्यांनी गुंडाळून ताणलेल्या असतात. वाद्य माणसाच्या छातीपर्यंत येते. ते आफ्रिकेतून, बहुधा गुलाम म्हणून, आणल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी जपले आहे. त्याच्याबरोबर एक माणूस कमरेला 'मंजूर' बांधून नाचतो. कापडावर शेकडो शेळ्यांची खुरे शिवलेली असतात आणि कंबर हलली की पावसासारखा आवाज होतो. या वाद्याचा लहान भाऊ म्हणजे तांबड्या समुद्राच्या आणि सुएझ कालव्याच्या काठची 'सिमसिमिया'. नाव आपल्या तंबोऱ्याशी जुळते, वाद्य जुळत नाही.

उम्म कुलसूम यांच्या वादकांविषयी: कैरो, दमास्कस, बगदाद ही मोठी शहरे. तिथला शहरी कलावंत विसाव्या शतकाच्या आरंभी कोट घालत असे आणि डोक्यावर लाल तरबूश. इराकमध्ये तरबूशाची जागा पुढे 'सिदारा' या नावेसारख्या टोपीने घेतली. तरबूश १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तमधून हळूहळू गेला, कोट राहिला. ऊद, कानून हे तंतुवाद्य, व्हायोलिन, नाय ही बासरी आणि रिक हे लहान खंजिरीसारखे वाद्य, एवढ्या जुन्या वाद्यवृंदाला 'तख्त' म्हणतात. आपण सिंहासनाला म्हणतो तोच शब्द. तिथे वादक बसत त्या उंच बैठकीवरून तो वृंदाला लागला. त्या तख्तावर कोट आणि तरबूशच शोभून दिसत असे. उलट वाळवंटातील बेदुईन, म्हणजे भटक्या अरब टोळीतला, कवी 'रबाबा'ची घोड्याच्या केसांची एकच तार गजाने घासत कविता म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगावर सैल थोब आणि खांद्यावर लोकरी अबा असते. म्हणजे 'अरबी संगीताचा अरबी पोशाख' असा एकच नमुना नाही. कोणते वाद्य, कोणते गाव आणि कोणता काळ, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

कशिदा

मी वस्त्रकलेची अभ्यासक आहे. समुद्रपार, तुम्ही वर्णन केलेल्या त्या दोन तुकड्यांच्या झालरदार वेशाविषयी आधी लिहिते, कारण तो मंडळाला नाकारायचा असेल तर कारण द्यावे लागेल. तो वेश कैरोतील रंजनगृहांच्या रंगमंचावर घडला. बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये कैरोत आपले रंगगृह सुरू केले आणि अशा ठिकाणी युरोपीय रंगमंचाची छाप घेऊन हा पेहराव तयार झाला. त्या नृत्याला स्वतःची कला आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पण बहरीनच्या सौतच्या बैठकीशी त्याचा काहीही संबंध नाही. लहान मुलींना तो घालायला लावणे तर मला मुळीच मान्य नाही.

आखातातील स्त्रियांचा सणाचा पोशाख पाहायचा असेल तर 'थोब अन-नशल' पाहावा. पारदर्शक रेशमी कापडाचा, इतका रुंद की बाहीचा घेर उचलून डोक्यावरून घेता येतो. छातीपासून खालपर्यंत सोनेरी जरीची वेलबुट्टी. लग्नात स्त्रिया तो घालून रांगेने नाचतात, तेव्हा बाहीचा काठ हातात धरून हलवतात आणि मोकळे केस एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरवतात. या वस्त्राचे कापड आणि जर यांचा मोठा वाटा भारतातून जात असे. पुरुषांच्या 'बिश्त'वर, म्हणजे मान्यवर आणि नवरदेव घालतात त्या झुळझुळीत झग्यावर, गळ्यापासून खाली उतरणारी जी सोनेरी पट्टी असते तिलाही तिथे 'झरी' म्हणतात. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर कतारच्या अमीरांनी मेस्सीच्या खांद्यांवर घातला तो बिश्तच. मात्र बिश्त घालून कोणी ऊद वाजवत नाही. तो मानाचा झगा आहे, हात मोकळे ठेवण्याचा नाही.

आणि उलट दिशेने आले ते मोती. आपल्या नथीतील बसरा मोती हे आखाताच्या तळाचे मोती. ते मुंबईच्या बाजारात येत, तिथे त्यांची पारख होई आणि मग ते पुढे जात. गलबते परतताना कापड, तांदूळ, मसाले, सागवान घेऊन जात. जपानचे संवर्धित मोती बाजारात आल्यावर १९३० च्या दशकात हा व्यापार कोसळला. माझ्या आजीच्या नथीतला मधला मोती किंचित पिवळसर आहे. तो काढताना जुन्या सराफाने तळहातावर ठेवून तो खिडकीच्या उजेडात फिरवला होता आणि 'असा आता मिळत नाही' एवढेच म्हणून परत दिला होता. ज्या मुंबईत अब्दुल्ला अल-फरज ऊद वाजवत होते त्याच मुंबईच्या बाजारातून तो मोती आमच्या घरी आला असावा, असे आज तुमचा लेख वाचताना मनात आले.

मस्कतची माई

मी ३४ वर्षे मस्कतमध्ये आहे. कशिदाताईंनी स्त्रियांचे सुंदर लिहिले, म्हणून मी पुरुषांचे लिहिते.

बाहेरच्या माणसाला सगळे पांढरे झगे सारखेच दिसतात. इथल्या माणसाला दुरून कळते की कोण कुठला आहे. सौदी थोबाला उभी कडक कॉलर आणि बाहीला कफ. ओमानी दिशदाशाला कॉलर नसते आणि गळ्याशी उजव्या बाजूला वितीहून थोडा छोटा गोंडा लोंबत असतो. त्याला 'फराखा' म्हणतात. आमच्या शेजारचे आजोबा शुक्रवारी नमाजाला निघण्याआधी अत्तराची कुपी उघडून फराख्याचे टोक तिच्यात बुडवत आणि मग दोन बोटांनी निथळवत. जिन्यात भेट झाली की आधी सुगंध येई, मग सलाम. अमिरातीतल्या कंदुऱ्याला याहून लांब गोंडा असतो.

ओमानी डोक्यावर अगाल, म्हणजे रुमालावर बसवायचे काळे दोरीचे कडे, घालत नाहीत. भरतकामाची 'कुम्मा' टोपी असते. तिच्या नक्षीत शेकडो बारीक भोके ठेवलेली असतात, त्यांतून वारा खेळतो. समारंभाला कुम्म्यावर 'मसर' बांधतात आणि उत्तम मसर काश्मिरी लोकरीचा. चौकोनी शाल तिरकी दुमडायची, पट्टी करायची, कपाळापासून मागे न्यायची, पुन्हा पुढे आणायची आणि भरतकाम केलेला कोपरा नेमका वर दिसेल असा खोचायचा. माझ्या मुलाला हे शिकायला आठवडा लागला. आपल्याकडे पगडी बांधणाऱ्याचा हात जसा असतो तसाच त्यांचा हात असतो.

पुण्यातील मुलांना दिशदाशा घालावा का, याविषयी माझे मत होकाराचे आहे. इथे ईदला शेजारी आपल्या मुलांना दिशदाशा भेट देतात आणि तो घातलेला पाहून त्यांना आनंद होतो. नीट शिवलेला, साधा पांढरा घातला तर त्यात गैर काय?

कशिदा

माई, आपल्या अनुभवाचा मला आदर आहे, तरीही मी सहमत होऊ शकत नाही. शेजाऱ्याने दिलेला कपडा त्याच्या घरी घालणे निराळे आणि स्वागतासाठी रांगेत उभे राहताना गणवेशासारखा घालणे निराळे. आखातात दिशदाशा हा नागरिकत्वाची खूण सांगणारा पोशाख झाला आहे. तिथे राहणारे लाखो भारतीय कामावर शर्ट-पँट घालतात, यालाही तेच कारण आहे. तो पोशाख ज्याचा आहे त्यानेच रंगमंचावर घालावा आणि त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जावे.

समुद्रपार

मलाही २१ वर्षांत दिशदाशा एकदाच मिळाला. कार्यालयातील एका कुवेती सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात त्यांनी माझे माप स्वतःच्या शिंप्याला दिले होते आणि तो शिंपी निघाला उत्तर प्रदेशातला. त्या रात्री मी तो घातला, नंतर नाही. तो अजून कपाटात आहे. माईंचे म्हणणे मनाला पटते आणि कशिदाताईंचे बुद्धीला. दोन दिवस विचार करून लिहितो.

गोदाकाठ

मी नांदेडचा. आमचे घराणे चाऊश आहे. पूर्वज येमेनमधील हदरमौतहून निजामाच्या फौजेत आले. या धाग्यावर येमेनचे नाव आले नाही म्हणून लिहितो.

येमेनमध्ये ऊदाहून जुन्या घडणीचे 'कनबूस' नावाचे वाद्य आहे. एकाच लाकडातून कोरलेले, सडपातळ, आणि तोंडावर लाकडी तबलीऐवजी चामडे. येमेनची राजधानी सना येथील गायकीचे ते खास वाद्य. हदरमौतचे लोक समुद्रमार्गे जिथे गेले तिथे हे वाद्य बरोबर गेले; मलेशिया आणि इंडोनेशियात त्याला 'गंबूस' म्हणतात आणि तिथले 'झापिन' नृत्य म्हणजे समुद्रपार यांनी लिहिलेल्या 'झफान'चेच रूप. आमच्याकडे, मराठवाड्यात आणि हैदराबादच्या बारकसमध्ये, मात्र तारा टिकल्या नाहीत. ढोल टिकले. लग्नात मरफा वाजतो तेव्हा आमची वृद्ध माणसेही हातात काठी घेऊन पुढे सरसावतात. कनबूस मात्र मी आयुष्यात कोणाच्या हातात पाहिला नाही. आजोबा म्हणत की त्यांच्या आजोबांकडे होता.

पोशाखात लुंगी टिकली. येमेनमध्ये पुरुष कमरेला 'फूता' गुंडाळतात, बारकसचे लोक लुंगी गुंडाळतात, आणि दोन्हींच्या चौकटी शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे सांगता येणार नाही. येमेनचा माणूस शहरात दिशदाशा घालेलच असे नाही, हेही 'अरबी पोशाख' म्हणताना लक्षात ठेवावे.

मला या कार्यक्रमाला यायचे आहे. पाहुणे कनबूस आणू शकतील का, एवढे विचाराल का?

समुद्रपार

गोदाकाठ, काल रात्री दूरध्वनीवर विचारले. त्यांच्याकडे कनबूस नाही, परंतु मुहर्रकमधील एका मित्राकडे आहे आणि ते मागून पाहणार आहेत. वाजवण्याचे आश्वासन त्यांनी दिलेले नाही. 'निदान त्यांच्या हातात देईन' असे म्हणाले. तुम्ही नक्की या. राहण्याची सोय माझ्या घरी.

मंडळाची सभा आज झाली. तंबोरे आणि ढोलकी दोन्ही रद्द झाली. ढोलकीची थाप मोठी आणि मिरवासचा बोल बारीक, त्यामुळे ऊदाचा आवाज बुडेल, हे सर्वांना पटले. पाहुणे दोन मिरवासवादक बरोबर आणत आहेत आणि तिसरा मिरवास आपल्यापैकी कोणाला शिकता आला तर पाहू म्हणतात. तारसप्तक, तुम्ही दोन दिवस आधी येऊ शकाल का? टाळ्यांचा एक साधा ठेका श्रोत्यांकडून बसवून घ्यावा, अशी त्यांची इच्छा आहे.

पोशाखाबाबत मुलींनी नऊवारी आणि नथ, मुलांनी पांढरा सदरा आणि टोपी असे ठरले. कशिदाताई, त्या पिवळसर मोत्याची नथ आपण घालून यावी, असा माझा आग्रह आहे. पाहुण्यांचे पणजोबा मोत्यांच्या गलबतावर पाणबुडे होते. माई, तुम्हालाही निमंत्रण आहे. पाहुणे पुण्याच्या थंडीची चौकशी करत होते. आखातात हिवाळ्यात गडद रंगाचे जाड लोकरी दिशदाशे घालतात, ते आणावेत की पांढरे, असे त्यांनी विचारले. मी त्यांना लोकरीच आणायला सांगितले आहे. मांडीवर घालायला सुती गुत्रा मात्र लागेलच, तेव्हा तीही आणा म्हणालो.

मिरजकर कारागीर

सरस आणि दोन शिकंजे घेऊन मी आदल्या दिवशी पोहोचतो. पेटी माझ्यासमोर उघडा.